अर्धवट शिकवलेल्या वाढप्याची तक्रार

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ४ नोव्हेंबर २००७

तीर्थरूप पुरुषोत्तममामा,

नंदूचा साष्टांग नमस्कार. नमस्कार मनापासूनचा आहे आणि पुढचा मजकूर वाचल्यावरही तो तसाच आहे असं समजावं. इथे मी आणि सावनी सुखरूप आहोत. तुमचं ब्लडप्रेशर, शोभनामामींचा खोकला आणि आईचे गुडघे ही तिन्ही मंडळी दिवाळीपुरती तरी शहाण्यासारखी वागत असतील अशी आशा करतो. आईला सांगा, मी रोज स्वेटर घालतो. (घालत नाही. ऑफिसात इतका हीटर लावतात की इस्लामपूरच्या मे महिन्याची आठवण येते. पण हे तिला सांगू नका.) फराळाचं पार्सल मिळालं. चकल्यांचा भुगा झाला होता, तो आम्ही दह्यात कालवून खाल्ला आणि उत्तम लागला.

क्षेमकुशल संपलं. आता तुमचा मान राखून, पण स्पष्ट लिहितो. मामा, हे पत्र म्हणजे तुमच्याविरुद्धची तक्रार आहे. गेल्या महिन्यात एका चर्चच्या तळघरात, एकशे दहा माणसांच्या देखत माझी जी शोभा झाली आणि कंपनीच्या फायलीत माझ्या नावाने जो कागद लागला, त्याचं मूळ तुमच्या अंगणात आहे. मे महिन्याच्या सुट्टीत इतर मामा भाच्यांना आमरस खायला घालत होते तेव्हा तुम्ही गळ्यात पी.टी.ची शिट्टी अडकवून आम्हा चौघांना ओळीत उभं करत होतात. अंगणात वाट्या मांडलेल्या, हातात पाण्याने भरलेली बादली, आणि एक थेंब न सांडता ओगराळ्याने वाढत शेवटच्या वाटीपर्यंत जायचं. सांडलं की पहिल्यापासून. गावातल्या एकाही लग्नात आचाऱ्याला वाढपी शोधावे लागले नाहीत, कारण पुरुषोत्तम सरांची पलटण तयार असायची. त्याचा तेव्हा मला कोण अभिमान होता! आता कळतंय की तुम्ही आम्हाला अर्धंच शिकवलंत आणि उरलेलं अर्धं स्वतःकडे ठेवलंत. कसं, ते सविस्तर सांगतो.

आमची कंपनी मोटारीच्या दाराची कुलपं करते. आख्खी मोटार नाही, आख्खं दारही नाही, दारातलं कुलूप. आणि माझ्याकडे त्या कुलपातली एक स्प्रिंग आहे. (आई तिकडे सगळ्यांना सांगते की नंदू अमेरिकेत मोटारी बनवतो. सांगू दे.) सध्या मोटारी खपत नाहीत, म्हणून दारं लागत नाहीत, म्हणून कुलपं लागत नाहीत. आमच्या डिपार्टमेंटमध्ये अकरा माणसं आहेत आणि नाताळच्या आत त्यातली चार जाणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणती चार, हे फक्त आमचा साहेब ग्रेग आणि कर्मचारी विभागाची ख्रिस्टीन या दोघांना. इथे माझा व्हिसाच कंपनीच्या नावावर असल्यामुळे त्या चारांत माझं नाव निघालं तर नुसती नोकरी जात नाही, पायाखालचं गावच जातं. तेव्हा गेले दोन महिने मी ग्रेगला बघून ज्या प्रकारे हसतो, तसा मी सावनीला बघायला गेलो तेव्हाही हसलो नव्हतो.

अशात ऑक्टोबरमध्ये ई-मेल आली की कंपनी 'समाजाचं देणं' फेडणार आहे. एका गुरुवारी काम बंद ठेवून सगळ्यांनी समाजसेवा करायची. ऐच्छिक. हा शब्द ठळक अक्षरांत होता. दोन दिवसांनी कॉफीच्या मशिनशेजारी एक यादी लागली, तिच्यात ज्यांनी अजून इच्छा दाखवली नाही अशांची नावं होती. तिसऱ्या दिवशी ग्रेग माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि समाजाबद्दल मला काय वाटतं असं विचारू लागला. मामा, शाळेत तुम्ही श्रमदानाला न्यायचात तेव्हा निदान सरळ कान धरून न्यायचात. इथे कान धरतात आणि वर आपल्याकडूनच लिहून घेतात की कान मी होऊन पुढे केला.

मी जाणारच नव्हतो. पण सावनी म्हणाली, “नंदू, ते लिस्ट करतायत यार. तू साइन अप कर, ग्रेगला दिसेल असा उभा राहा आणि प्लीज, कुणाशी आर्ग्यू करू नकोस.” बायकोचं ऐकलं.

आधी आम्हाला अर्धा तास फोनवरून शिक्षण देण्यात आलं. गरीब माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघावं, पण फार वेळ बघू नये. मग टी-शर्ट आले. भडक नारिंगी, पाठीवर कंपनीचं नाव वीतभर अक्षरांत, आणि सगळे एकाच मापाचे, ते माप ग्रेगचं. माझा गुडघ्याला टेकत होता. त्यावर केसांना जाळी आणि हातात रबरी मोजे. निघण्याआधी पार्किंगमध्ये गोल करून उभं केलं आणि ओळख वाढावी म्हणून प्रत्येकाने आपली आवडती भाजी सांगायची होती. (एकमेकांशेजारी पाच-पाच वर्षं बसलेली माणसं आम्ही!) मी कारलं म्हणालो. ते काय असतं, ते कडू असतं तर मग का खातात, हे समजावण्यात बस दहा मिनिटं लेट झाली आणि ग्रेगने घड्याळात बघितलं. ते मी टिपलं.

पाँटियाकमधल्या एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी गरजूंना दुपारचं जेवण देतात. तिथला कारभार लोरेटा नावाच्या सत्तरीच्या काळ्या बाई बघतात. एकोणीस वर्षं त्या आणि त्यांच्या तीन मैत्रिणी, अशा चौघीजणी मिळून एकशे दहा माणसांना जेवू घालतात. त्या चौघींचं काम करायला आम्ही चोवीसजण गेलो. त्यांना आम्ही मोठ्या प्रेमाने खुर्च्यांवर बसवलं आणि आज तुम्ही आराम करा म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या, घरात सुतार-रंगारी एकदम शिरले की मामी बसतात तशा. पाचजण पाणी ओतायला, चारजण टेबलं पुसायला, दोघं दार उघडायला, आणि उरलेले एकमेकांचे फोटो काढायला. वाढायला कोण, असं ग्रेगने विचारलं, आणि मामा, माझा हात आपोआप वर गेला. तो तुम्ही वर केलात.

जेवणात राजमा-खिम्याचं दाट कालवण, एक मक्याच्या पिठाचा पाव आणि एक सफरचंद. मी पातेल्यामागे उभा राहिलो. लोरेटाबाई खुर्चीतून उठून मुद्दाम माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, एक डाव, एक माणूस. दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि खोटं बोललो नाही. त्या क्षणी माझा विचार तोच होता.

पहिला माणूस आला. टोपी घातलेला म्हातारा, हातात मोठा वाडगा. मी एक डाव घातला आणि बघतो तर वाडग्याचा तळ दिसतोय! आता सांगा, तुमच्या तालमीत कुणी असं वाढलं असतं तर ओगराळं कुठे बसलं असतं? पानातला पदार्थ पानाला शोभला पाहिजे, हे तुमचंच वाक्य. मी अर्धा डाव आणखी घातला. दुसऱ्याला अर्धा न घालणं म्हणजे पंक्तिप्रपंच झाला असता, म्हणून त्यालाही घातला. तिसरी एक बाई होती, दोन पोरांना घेऊन आलेली. पोरं वाढत्या अंगाची. तिथे मी मोजणं सोडलं.

तरी इथपर्यंत प्रकरण आवाक्यात होतं. पुढे काय झालं, तर पाववाल्यांची पावाची पाटी संपली, ती आत भरायला गेली आणि रांग थांबली. मी डाव हातात घेऊन नुसता उभा. समोर नजर गेली तर पन्नास-साठ माणसं टेबलांवर बसलेली, निम्म्यांचे वाडगे रिकामे, आणि कुणी काही मागत नाहीये. माणसं भिंतीकडे बघत बसलीत. बसलेल्या माणसासमोर रिकामं पान आणि वाढपी हात बांधून उभा! मामा, मला घाम फुटला. तुम्ही कुठूनतरी शिट्टी वाजवाल असं खरोखर वाटलं. मी शेजारचं लहान पातेलं भरून घेतलं आणि टेबलांमधून फिरायला निघालो.

पहिल्यांदा मंडळी दचकली. मग त्यांच्या लक्षात आलं की हा नारिंगी झग्यातला माणूस वाढायला आलाय. आता तुमचा तो नियम आठवा: नको म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं, पंजा पानावर आडवा आला तर थांबायचं, नाहीतर वाढायचं. अमेरिकेत कुणी पानावर हात आडवा धरत नाही, मामा! इथली माणसं तोंडाने नको म्हणतात, थँक्यू म्हणतात आणि हात मांडीवर ठेवतात. मी हात बघत होतो. हात कुठेच आडवा येईना, म्हणून वाढत राहिलो. टोपीवाल्या म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर, मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात तीस वर्षं काढलेला. तो नको म्हणाला, मी वाढलं. पुरे म्हणाला, मी वाढलं. तिसऱ्या खेपेला त्याने डाव हातात असलेलं माझं मनगटच धरलं आणि म्हणाला, “माझी बायको असं करायची. मी नको म्हटलं की तिला ऐकूच यायचं नाही.” मग त्याने मनगट सोडलं आणि वाडगा पुढे केला. अशा माणसाला एकच डाव वाढणारा जन्माला यायचाय.

त्या तळघरात एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढला असेल. माणसं हसत होती, मला हाका मारत होती. आमच्याच ऑफिसातला सुब्रमण्यम पाव भरून परत आला, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पाटी घेऊन दुसऱ्या टेबलांकडून सुरू झाला. (म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. तंजावरकडेही कुणीतरी मामा असणार.) ग्रेग कोपऱ्यातून बघत होता आणि त्याने मला अंगठा दाखवला. इथे तो शाबासकीचा असतो. मनात म्हटलं, चला, एक माणूस चारांतून सुटला.

एवढ्यात पातेल्याच्या बुडाला डाव खरवडल्याचा आवाज आला. तो आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला लोरेटाबाईंनी ऐकला, कारण त्या तोच ऐकत बसल्या होत्या. त्या उठून आल्या, पातेल्यात डोकावल्या, मग माझ्याकडे न बघता दाराकडे गेल्या आणि मला बोटाने बोलावलं. दाराबाहेर जिना आहे. जिन्यावर वरपर्यंत आणि वर फुटपाथवर माणसं उभी होती. थंडीत, खिशात हात घालून, अगदी शिस्तीत. सदुसष्ट जेवले होते. त्रेचाळीस उभे होते.

“रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस तुला आतून दिसत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. “मला दिसतो. म्हणून मी एक डाव म्हणते.”

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. रागही आला. बाईंचा नव्हे, स्वतःचा, आणि खोटं कशाला सांगू, तुमचा! पण तो राग काढायला वेळ नव्हता, कारण जिन्यावरच्या पहिल्या माणसाने आत डोकावून विचारलं की अजून किती वेळ लागेल. कपाटात पीनट बटरची एक बरणी आणि थोडे क्रॅकर्स निघाले. तेवढ्याने काय होणार?

आणि मग मला आमच्या कंपनीची गाडी आठवली. वर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीत आमची, म्हणजे वाढप्यांची जेवणं होती. एका महागड्या कॅफेतून मागवलेले तीस डबे. प्रत्येकात हातभर सँडविच, वेफर्स, एक बिस्किट, एक सफरचंद. साडेबाराला शिकागोहून हॅलोरन नावाचे उपाध्यक्ष येणार होते, त्यांनी आमच्यासोबत जेवून भुकेच्या प्रश्नावर चार शब्द बोलायचे होते. मी ग्रेगकडे गेलो आणि म्हणालो की ते डबे खाली आणू या. त्याने विचारलं, कुणासाठी? मी जिना दाखवला. तो म्हणाला, कल्पना फार छान आहे, पण त्या डब्यांतल्या पदार्थांची कुणाला ॲलर्जी निघाली तर जबाबदारी कुणाची, हे आधी ख्रिस्टीनला विचारावं लागेल. आणि तो फोन लावायला कोपऱ्यात गेला. इथे कुणी आपला फोन होल्डवर ठेवला की तिकडे गाणं वाजतं. ते गाणं मला ऐकू येत होतं. जिन्यावरच्या माणसांनाही येत असावं.

मामा, वाढपी शेवटी जेवतो. अन्न कमी पडलं तर वाढपी जेवतच नाही, मठ्ठा पिऊन घरी जातो. मेधाताईच्या लग्नात तुम्ही आम्हा चौघांना असंच उपाशी घरी आणलं होतंत आणि मामींनी रात्री पिठलं टाकलं होतं. यात कुणाला फोन करून विचारण्यासारखं काय आहे? मी आणि सुब्रमण्यम वर गेलो आणि तीसच्या तीस डबे खाली आणले. लोरेटाबाईंनी सुरी काढली. सँडविच अर्धं, सफरचंद अर्धं, बिस्किट अर्धं, आणि या वेळी त्या वाढत होत्या आणि मी नुसता ताट धरून उभा होतो. त्रेचाळीस माणसांना पुरलं. वर थोडी अर्धुकं उरली ती पोराबाळांना दिली. एका डब्यावर हॅलोरन साहेबांचं नाव लिहिलं होतं, त्यात वेगळा पाव आणि कसलातरी कडवट पाला होता. तो एका आजीबाईंच्या वाट्याला गेला. त्यांनी पाव खाल्ला आणि पाला परत केला.

साडेबाराला हॅलोरन साहेब आले. डबे रिकामे. ते पंधरा मिनिटं भुकेवर बोलले आणि मला वाटतं हे भाषण त्यांनी आयुष्यात प्रथमच रिकाम्या पोटी केलं असेल, कारण शेवटी शेवटी ते पुष्कळ मनापासून बोलत होते. ग्रेगचा अंगठा मला परत दिसला नाही.

आता कंपनीचा न्याय ऐका. सोमवारी ख्रिस्टीनने मला बोलावून लेखी समज दिली. कलम एक, वाढपाविषयीच्या सूचनांचं उल्लंघन. कलम दोन, कंपनीच्या मालकीचं खाद्य परवानगीवाचून वाटणं. मी सही केली. मंगळवारी कंपनीचं बातमीपत्र आलं. पहिल्याच पानावर माझा फोटो! दोन्ही हातांत ताट, गुडघ्यापर्यंत नारिंगी झगा, आणि खाली मथळा की आमचे कर्मचारी स्वतःचं जेवणही समाजाला देतात. बुधवारी त्याच कृत्याबद्दल प्रशस्तिपत्र आलं, चौकटीसकट, हॅलोरन साहेबांच्या सहीचं. मी दोन्ही कागद घेऊन ख्रिस्टीनकडे गेलो आणि विचारलं की यातला खरा कोणता? तिने शांतपणे सांगितलं की दोन्ही फायलीत राहतील. त्या चार नावांची यादी करताना कोणता कागद आधी वाचणार, असं विचारायचं होतं, पण सावनीने आर्ग्यू करू नकोस म्हणून सांगितलं होतं.

तक्रारीचा खरा मुद्दा आता येतो. पुढच्या गुरुवारी मी जेवणाच्या सुट्टीत एकटाच पाँटियाकला गेलो, बाईंची माफी मागायला. (अर्धा तास जायला, अर्धा तास यायला, ग्रेगला डेंटिस्ट सांगितलं.) माफी त्यांनी ऐकून घेतली, आणि माझ्या हातात डाव दिला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही! एक मोजायचं यंत्र दिलं. टिचकी मारली की आकडा पुढे सरकतो ते. आणि मला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. मला, पुरुषोत्तम सरांच्या भाच्याला, दारात उभं करून माणसं मोजायला लावलं! आत माझ्या जागेवर कुणी सोळा-सतरा वर्षांची मुलगी वाढत होती आणि निम्मं सांडत होती. तेव्हापासून तीन गुरुवार मी हेच करतोय. (सावनी म्हणते, ग्रेगला सगळे दात एकदम कसे दुखतात याचा संशय येणार.) किती आले, किती यायचेत, रांगेत पोरं किती, हे बघून आत खुणा करायच्या: दोन बोटं म्हणजे पातेल्यात पाणी घाला, मूठ म्हणजे दुसरी खेप देऊ नका.

आणि तिथे उभा असताना गेल्या गुरुवारी माझ्या एकदम डोक्यात प्रकाश पडला. लग्नात आम्ही वाढत असायचो तेव्हा तुम्ही कुठे असायचात? दारात! खांद्यावर पंचा टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हसत. आम्ही म्हणायचो, मामा पाहुण्यांशी गप्पा झोडतायत आणि राबतोय आम्ही. मग मधेच तुम्ही यायचात, माझ्या हातातली जिलबीची परात काढून घ्यायचात आणि म्हणायचात, नंद्या, आता मठ्ठा फिरव. मला वाटायचं, मामा लहरी आहेत. तुम्ही बाहेर किती पानं बसायची आहेत ते मोजत होतात! आग्रह करायचं काम आम्हाला दिलंत, वाहवा आम्ही मिळवली, आणि पुरवायचं काम कुणाला कळू न देता स्वतःकडे ठेवलंत. हे सांगायला काय हरकत होती? निदान दहावी झाल्यावर तरी सांगायचंत. तुमच्या या लपवाछपवीमुळे त्रेचाळीस माणसं थंडीत ताटकळली, याचा लेखी खुलासा मला हवा आहे. पोस्टकार्ड चालणार नाही, पत्र पाठवा, आणि त्यात पातेल्यावरून अंदाज कसा घ्यायचा तेही लिहा, कारण इथे चुकतो माझा.

मामींना नमस्कार. कळावे, तुमच्यावर अतिशय रागावलेला,

नंदू

ता. क. १ : सावनीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं असं की घरात जो माणूस पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः घेत नाही, त्याने वाढपावर चार पानं लिहू नयेत. तिचा तुम्हा दोघांना नमस्कार, आणि मामींनी मेतकूट पाठवावं.

ता. क. २ : गुरुवार, ८ नोव्हेंबर. स्टँप नव्हते म्हणून पत्र राहिलं, ते बरंच झालं. मामा, आज सकाळी दहा वाजता ग्रेगने बोलावलं. चारांत मी आहे. चार कुठले, सहाजण गेले, सुब्रमण्यमही गेला. समज आणि प्रशस्तिपत्र यातलं काहीच कुणी वाचलं नव्हतं म्हणे, यादी शिकागोहून सप्टेंबरातच आली होती. म्हणजे मी दोन महिने उगाच हसलो. ख्रिस्टीनने बिल्ला आणि लॅपटॉप घेतला, खोका दिला आणि दारापर्यंत सोडायला आली. तिथे म्हणाली की आज अकराला पाँटियाकची बस आहे, कंपनीने सगळ्या हिवाळ्याचा शब्द दिलाय, आणि लोरेटाबाईंनी फोनवर सांगितलंय की मोजायचं तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, तर तू येशीलच ना? नोकरीवरून काढल्याला सात मिनिटं झाली होती! मी काहीतरी फार कडक बोलणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, फक्त बसने येता येणार नाही, बसचा विमा कर्मचाऱ्यांपुरताच आहे. खोका गाडीत टाकला आणि माझ्या गाडीने गेलो. कंपनीसाठी नाही गेलो. अकरा वाजता जिन्यावर माणसं असतात, म्हणून गेलो. आज एकशे एकोणतीस आले आणि सगळ्यांना पुरलं.

ता. क. ३ : आता खरं काम. वकील म्हणतो की दुसरी कंपनी लवकर मिळाली नाही तर बाडबिस्तरा आवरावा लागेल. आईला यातलं काही माहीत नाही. दर रविवारी फोनवर विचारते आणि मी तिला त्या प्रशस्तिपत्राचं सांगतो, तिने ते गल्लीभर केलंय. मला फोनवर सांगणं जमणार नाही, माझा आवाज तिला लगेच कळतो. पत्र पोचेल तेव्हा दिवाळी, भाऊबीज सगळं उरकलेलं असेल. तुम्ही सांगा. वाईट बातमी ऐकली की ती चार-चार दिवस जेवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा सकाळी जाऊ नका. दुपारी जा, तिच्यासोबत पानावर बसा, तिला आग्रह करून वाढा, आणि तिचं पूर्ण जेवण झालं की मग सांगा.